आभाळातला दगड आणि जावेची पोत

दिवाळीच्या सुटीत माझा पुण्याचा भाचा आला, तो एक यंत्र घेऊनच. लांब दांडी आणि खाली जेवणाच्या ताटाएवढं गोल चाक. "मामी, हा मेटल डिटेक्टर! जमिनीखाली धातू असला की वाजतो."

"असं का? मग माझी सहा वर्षांपूर्वी आंगणात हरवलेली कुडी शोधून दे बाबा," मी म्हटलं.

झालं! फराळाचं ताट तसंच सोडून पोरगा आंगणात. यंत्र चालू केलं आणि ते जे वाजायला लागलं ते थांबेचना. तुळशीजवळ वाजे, न्हाणीजवळ वाजे, नुसत्या दगडावर धरलं तरी वाजे. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "बंद कर रे बाप्पा थे! आंगणात का सोन्याची खान हाये?"

खाण सोन्याची नव्हती, पण आंगणाचाच दोष होता हे मात्र खरं. आपलं वऱ्हाड ज्या काळ्या दगडावर बसलंय तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांनी मिसळलेलं असतं. त्याच दगडाची झीज होऊन आपली कपाशीची काळी माती झाली. म्हणून असं यंत्र आपल्याकडं दगडालाही फसतं. भाच्यानं बरीच खटपट करून ते जमिनीशी जुळवून घेतलं. कुडी काही सापडली नाही. सापडले ते शीतपेयाच्या बाटलीचे बिल्ले, गुटख्याची चांदी, ट्रॅक्टरचा एक नट आणि एक भोकाचा पैसा. तो भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. सासूबाईंनी तो लगेच पदरात बांधला, हे वेगळं सांगायला नको!

निंबाखालचा गोटा

दुसऱ्या दिवशी भाचा आणि माझी धाकटी जाऊ शेतात गेले. मोझरीच्या शिवारात आमची चार एकर कोरडवाहू जमीन. धुऱ्यावरच्या निंबाखाली यंत्र असं खणखणीत वाजलं की दोघंही दचकले. जावेनं कुदळीनं हातभर उकरलं, तर खालून काळाभोर, तांबूस डागांचा गोटा निघाला. आकार मोठ्या संत्र्याएवढा, पण हातात घेतला तर चांगला जड. सोबत गंजलेल्या लोखंडाचे तीन-चार तुकडे होते. ते तिनं टोपल्यात टाकले आणि घरी आल्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात, भंगारात. भंगारवाला येतोच महिन्यानं.

गोटा मात्र घरात आला. निंदणाला येणाऱ्या मावशींनी त्याला पाहता पाहता हळदीकुंकू वाहिलं. कुणी म्हणे देव आहे, कुणी म्हणे धन आहे. भाच्यानं मोबाइलवर काहीबाही पाहून जाहीर केलं, "मामी, हा आभाळातून पडलेला दगड असू शकतो. उल्का!"

मग काय विचारता! सुटी संपून भाचा पुण्याला गेला, पण बातमी गावभर राहिली. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एक गृहस्थ हजर. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी खिशातून चुंबक काढला, गोट्याला लावला. चुंबक चिकटला. "अस्सल आहे," ते म्हणाले. "बाहेरदेशात कोटीत जाते. फक्त तपासणीचे पंचवीस हजार आधी भरावे लागतील. आणि कोणाले सांगू नोका."

मैत्रिणींनो, त्या वर्षी सोयाबीन पावसात सापडलं होतं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दिरांच्या डोळ्यांत त्या कोटीची झाक मी पाहिली आणि पोटात गोळा आला. रात्री जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. गळ्यातली पोत बोटांनी चाचपत हळूच म्हणाली, "ताई, हे म्हनतात पोत गहान ठिऊ. महिन्यात सोडवू. काय करू व?"

मी म्हटलं, "चार दिवस थांबवून धर. आधी गोट्यालाच विचारू, तो कोण आहे म्हणून."

खरंच पडतात का आभाळातून दगड?

पडतात, यात खोटं काही नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातलं काटोल आठवून पाहा. २२ मे २०१२. भर उन्हाळ्याची दुपार, दोन वाजून गेलेले. मोठे धमाके ऐकू आले आणि काटोल परिसरात दगडांचा वर्षाव झाला. एका घराच्या छपराला तर भोक पडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याच्या लोकांनी येऊन तीसेक तुकडे गोळा केले. पुढं त्या दगडाचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज ओळखलं. आपल्या पृथ्वीच्या पोटात हे खनिज भरपूर आहे, पण साडेसहाशे किलोमीटरच्याही खाली! तिथं कोण पोचणार? ते काटोलच्या शेताशिवारात आलेल्या दगडात भेटलं.

आणि लोणार तर आपल्या वऱ्हाडातच. ते सरोवर उल्कापातानंच झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं. पण तो खड्डा पाडणारा दगड तिथं शोधायला जाल तर हाती लागायचा नाही. आदळल्याच्या उष्णतेनं त्याचा बहुतेक भाग वाफ होऊन गेला. तिथं मिळते ती आपल्याच काळ्या दगडाची वितळून झालेली काच.

म्हणजे शक्यता असते. पण शक्यता आहे म्हणून पोत गहाण ठेवायची नसते. पारख करायची असते.

स्वयंपाकघरातली पारख

मी शाळेत विज्ञान शिकवत नाही की कुठं कॉलेजात नाही. पण घरात तराजू आहे, परात आहे, चिनी मातीचा कप आहे. एवढ्यावर बरंच होतं. आम्ही दोघी जावा दुपारची कामं आटोपून बसलो.

पहिली पारख चुंबकाची. जुन्या स्पीकरचा चुंबक दोऱ्याला बांधला आणि गोट्याजवळ नेला. ओढला गेला. जावेचे डोळे चमकले. मग मी तोच चुंबक आमच्या वरवंट्याजवळ नेला. तिकडंही तो जरासा कललाच! "म्हणजे आपला वरवंटाही कोटीचा का व ताई?" असं म्हणून ती जी हसायला लागली... त्या गृहस्थांची अर्धी जादू तिथंच उतरली. बहुतेक उल्कांना चुंबक ओढतो हे खरं, पण बेसाल्टला, लोहखनिजाला, भट्टीच्या कचऱ्यालाही ओढतो. चुंबक मुळीच हलला नाही तर उल्का नसण्याची शक्यता मोठी. हलला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी पारख वजनाची. तांब्या काठोकाठ भरून परातीत ठेवला, गोटा अलगद आत सोडला आणि सांडलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजलं. पाणी ४०० मिली, गोट्याचं वजन १२४० ग्रॅम. भागाकार केला, ३.१ आला. आपला काळा दगड तीनच्या आसपास भरतो. काटोलसारख्या दगडी उल्का साधारण सव्वातीन ते साडेतीन आणि निव्वळ लोखंडाची उल्का पावणेआठच्या जवळपास. आमचा गोटा अध्येमध्येच! म्हणजे निकाल लागेना. एका पारखेवर विसंबू नये ते यासाठीच.

तिसरी पारख रेघेची. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला एक कडा खरखरीत असते, तिच्यावर चमक नसते. तिथं दगड घासायचा. काळी ठसठशीत रेघ उठली तर मॅग्नेटाइट, लालसर विटकरी उठली तर हेमाटाइट. दोन्ही जमिनीतलीच लोहखनिजं. उल्केची सहसा रेघ उठत नाही, उठली तरी फिकट राखाडी. आमच्या गोट्याची रेघ उठलीच नाही. जाऊ पुन्हा सरसावून बसली.

चौथी पारख नजरेची आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. आभाळातून येताना दगडाचा वरचा थर जळून त्यावर अंड्याच्या टरफलासारखी पातळ काळी साय धरते. अंगावर कधी कधी असे खळगे असतात, जसे कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबल्यावर उमटतात. आतून मात्र दगड बहुधा फिकट असतो आणि त्यात धातूचे चमचमते कण दिसतात. आणि मुख्य म्हणजे उल्केत बुडबुड्यांची भोकं जवळजवळ कधीच नसतात.

गोट्याला एका बाजूनं कुदळ लागून टवका उडाला होता. तो उजेडात धरला. आत काचेसारखी काळी चकाकी आणि अनारशासारखी जाळी!

जाऊ काही बोलली नाही. पोत मात्र तिनं पदराआड सारली.

"सोबत काय सापडलं?"

तरी पक्कं हवं म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीनं अमरावती गाठली. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात भूविज्ञान विभाग आहे. शहरातल्या कॉलेजांतही हा विषय शिकवतात. ओळखीतून एका प्राध्यापिका बाईंची भेट मिळाली. त्यांनी भिंग लावून गोटा दोन मिनिटं फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "ही लोखंडाची कीट आहे. आयुर्वेदात ज्याला मंडूर म्हणतात ना, ते." मंडूर भस्म आपल्या आजीच्या बटव्यातलं नाव. अंगात रक्त कमी असलं की वैद्य देत. ते या कीटीचंच करतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "वरून सपाट आणि खालून वाटीसारखा गोल आहे, पाहिलंत? लोहाराच्या भट्टीच्या तळाशी कीट थेंब थेंब साचून अशी गोठते. याच्यासोबत काय सापडलं?"

मी गप्प. सोबतचं आम्ही भंगारात टाकलं होतं!

घरी येताच गोठ्यात शिरले. नशीब, भंगारवाला यायचा होता. गंजलेले तुकडे पाटावर मांडले आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांना यातलं काय कळणार असं वाटलं होतं खरं, पण त्यांनी पहिला वाकडा, चपटा तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "हे तं बंडीची धाव व माय! चाकाची!" दुसरा तुकडा पाहून, "हे वखराची पास. अर्धी मोडली." दोन खिळे होते, चौकोनी अंगाचे, टोकाकडं निमुळते. असे खिळे हातानं ठोकून घडवलेले असतात. कारखान्यातले तारेचे खिळे गोल असतात.

मग त्या आपसूकच सांगायला लागल्या. "मी नवी नवरी होतो तवा निंबाखाली खाती भट्टी लावे. पेरनीच्या आंधी साऱ्या गावाच्या बंड्या तिथं. धाव लाल करे, चाकावर बसवे आन् वरून पानी वते. कसा धूर उठे! आमी पोरी-बाया पाह्यतच राहो." लोखंड तापून फुगतं, पाण्यानं आक्रसतं आणि चाकाला घट्ट आवळून बसतं, हे विज्ञान त्या धुरातच होतं.

म्हणजे आमचा कोटीचा दगड आमच्याच गावच्या खात्यानं फेकलेला कचरा निघाला. ओळख पटवली ती ज्यांच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही त्या गंजक्या तुकड्यांनी आणि जिला कुणी विचारलं नाही त्या म्हातारीनं.

कीटसुद्धा बोलते

पण कचरा म्हणून तिला हसू नका. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंड इथं १९७८ ते १९८० दरम्यान उत्खनन झालं. तिथं लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तीही इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. भट्टीची ओळख पटवायला तिथली कीटच साक्षीला होती. विदर्भातल्या त्या काळच्या लोकांनी मोठाले दगड वर्तुळात मांडून आपल्या माणसांना पुरलं, सोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम ठेवले. नागपूरजवळच्या माहुरझरीला अशा वस्तू निघाल्या.

आणि आपल्याच तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर! रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथं ओटी घेऊन जातो. वर्धा नदीकाठच्या तिथल्या टेकाडांचं उत्खनन डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात केलं. त्याचा अहवाल १९६८ मध्ये पुस्तकरूपानं आला. लोहयुगापासून सातवाहनांच्या काळापर्यंत माणूस तिथं नांदत होता, हे त्या मातीच्या थरांनी सांगितलं. तिथला एखादा तुकडा कुणी उचलून घरी आणला तर तो नुसता गंज. कुठल्या थरात, कशाजवळ होता हे कळलं तरच तो इतिहास. म्हणून अशा जागी यंत्र घेऊन खणायचं नसतं. संरक्षित स्थळी तर तो गुन्हाच आहे.

हे लक्षात असू द्या

आपल्यापैकी कितीतरी जणी शेतात राबतात. काही ना काही सापडतंच. म्हणून चार गोष्टी सांगते.

वस्तू घासू नका. गंजाखाली मूळ आकार लपलेला असतो. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर लावला की आकारही जातो आणि खूणही. माती अलगद झटकून कोरड्या कागदात ठेवा. कुठं, किती खोल, कशाजवळ सापडली ते वहीत लिहा.

हिरवा गंज म्हणजे तांबं किंवा पितळ, काळपट डाग म्हणजे बऱ्याचदा चांदी, तांबूस पापुद्रे म्हणजे लोखंड. एवढं ओळखलं तरी अर्धं काम होतं.

नाणी, दागिने असं काही जमिनीत निघालं तर लपवू नका. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवणाऱ्याला कायद्यानं वाटा आहे, दडवणाऱ्याला शिक्षा. म्हणूनच "कोणाले सांगू नोका" म्हणणारा माणूस आपल्या भल्याचा नसतो हे ओळखा. उल्का वाटली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला सेमिनरी हिल्सवर आहे. तिथं कळवता येतं.

आणि शेवटची गोष्ट जिवाची. गंजलेली नळकांडी, पंख असलेली किंवा आटे पाडलेली जाड लोखंडी वस्तू दिसली तर हातही लावू नका. लेकरांना लांब न्या आणि ११२ नंबर फिरवा. आपल्या जवळच वर्धा जिल्ह्यात पुलगावचं दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथल्या सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आभाळातून धातूचं मोठं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं. अशा गोळ्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. त्याचं भंगार किती किलो भरेल हा विचार मनातसुद्धा आणायचा नाही.

पोत जागेवरच

ते दोन पेनांचे गृहस्थ ठरल्या दिवशी आले. या वेळी जाऊच पुढं झाली. वरवंटा त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली, "याले पन चुंबक लावून पाहा भाऊ. ह्याचे किती देता?" गृहस्थांनी चहासुद्धा घेतला नाही.

दीर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कर्ज तसंच होतं, सोयाबीन गेलेलंच होतं. आशेला धरून बसलेल्या माणसाच्या हातून ती काढून घेणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "वहिनी, पंचवीस हजार तं वाचले." तेवढंही पुष्कळ.

संध्याकाळी आश्रमातून सामुदायिक प्रार्थनेचे सूर येत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथं गुरुकुंज उभारलं आणि जन्मभर गावाला डोळस व्हायला सांगितलं. त्यांच्या गावात राहून आम्ही एका गोट्याला भुलणार होतो, याची जरा लाजच वाटली.

गोटा आता ओसरीवर आहे. दाराला वारा लागला की अडवायला छान जड पडतो! धाव, पास आणि खिळे मी भंगारात दिले नाहीत. कागदात गुंडाळून, त्यावर 'निंबाखाली, हातभर खोल' असं लिहून फळीवर ठेवलेत. सासूबाई मधूनच ते सोडून पाहतात आणि खात्याच्या भट्टीची गोष्ट नातवंडांना सांगतात. प्रत्येक वेळी धूर थोडा जास्त उंच उठतो.

माझी कुडी मात्र अजून आंगणातच आहे. भाचा म्हणतो, पुढच्या दिवाळीला नक्की.